वस्तू, नग एक

आम्रपाली ओव्हाळने शनिवारी दुपारी पावणेचार वाजता एक पिवळा दिवा दाबला आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता चाकणच्या एका कारखान्यात तेवीस माणसं अडकून पडली. मधला सगळा वेळ ती सुखात होती. रविवारी तिने वडिलांना पिंपरीत नेऊन नवा चष्मा करून दिला, येताना दोघांनी भेळ खाल्ली आणि आठवड्याचे कपडे इस्त्री करून ती शांत झोपली.

आम्रपाली निष्काळजी नव्हती, हे आधी सांगायला हवं. तिचे वडील ज्ञानदेव ओव्हाळ एकतीस वर्षं फिटर होते. कासारवाडीच्या घरात खिळा ठोकायचा तरी ते आधी पेन्सिलीने खूण करत, मग ती खूण मोजत, मग ती खोडून दुसरी करत. मुलीने तोच स्वभाव उचलला होता. वाकडला ज्या सॉफ्टवेअर कंपनीत ती कामाला होती तिथे सगळी मिळून आठ माणसं, आणि त्या आठांत नव्या कॉफीच्या मशिनसोबत आलेलं पुस्तक वाचलेली ती एकटीच.

कंपनी रणजीतची. रणजीतचं घराणं वाकडचं जुनं, शेतीवालं. जिथे गोठा होता तिथे आता चार मजली इमारत उभी होती. खाली चुलतभावाचं फरशांचं दुकान, दुसऱ्या मजल्यावर रणजीतचं सॉफ्टवेअर. त्याला स्वतःला एक ओळ लिहिता येत नसे, पण सॉफ्टवेअर विकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. समोरच्याने नुसतं "आमच्याकडे जरा घोळ होतो" एवढं म्हणायचा अवकाश, की रणजीत म्हणायचा, "राव, त्याचंच तर सॉफ्टवेअर आहे आपलं!" आणि मग ऑफिसात येऊन सांगायचा की आता हे बनवायचं आहे.

चाकणच्या कारखान्याचं असंच झालं होतं. तिथे ब्रेकचे भाग बनत. गेटवर रोज पाहुणे यायचे, ट्रक यायचे, पेट्या यायच्या, आणि सगळ्यांची नोंद एका जाड रजिस्टरात व्हायची. रणजीतने त्यांना गेटपासचं सॉफ्टवेअर कबूल केलं. जो येईल, जे येईल, त्याची चिठ्ठी छापायची. जाताना चिठ्ठीवरच्या रेघा यंत्राला दाखवायच्या, हिरवा दिवा लागला की फाटक आपोआप फिरणार. गेटवरच्या लोकांना सोपं जावं म्हणून सगळं मराठीत.

लिहिलं ते सनी नावाच्या मुलाने. हुशार होता. त्याने गेटपासचा एकच साचा बनवला आणि त्यात एक जागा मोकळी सोडली. गेटपास कशाचा? व्यक्तीचा, वाहनाचा की मालाचा, ते जिथे साचा वापराल तिथे भरायचं. एकच डबा, वरचं लेबल तेवढं बदलायचं. कल्पना चांगली होती. पण घाईत सनीने बऱ्याच ठिकाणी लेबल लावलंच नाही. त्या संगणकभाषेची जुनी आवृत्ती ते खपवून घेत होती. मग सनी हिंजवडीत मोठ्या कंपनीत निघून गेला आणि त्याचा प्रोग्रॅम आम्रपालीकडे आला.

त्या शनिवारी तिने सगळं नव्या आवृत्तीवर चढवलं आणि पडदा लालेलाल झाला. एकेचाळीस ठिकाणी तांबडी नागमोडी रेघ. प्रत्येक रेघेखाली एकच तक्रार, की हा गेटपास कशाचा ते सांगितलेलं नाही.

"किती राहिलं?" रणजीतने दारातून विचारलं. "सोमवारी नारळ आहे. मी आईलाही घेऊन चाललोय. तिचं माहेर तिथलंच ना."

"एकेचाळीस चुका दिसतायत, दादा."

"मग दुरुस्त कर की. तू आहेस म्हणून मी निवांत आहे."

तो गेला. आम्रपालीने पहिल्या रेघेवर बोट ठेवलं, तेव्हा शेजारी छोटा पिवळा दिवा पेटला. प्रोग्रॅम लिहायच्या त्या खिडकीत असा दिवा असतोच. चूक दिसली की पेटतो आणि म्हणतो, मी दुरुस्त करू का? ती रोज पंचवीस वेळा त्याचं ऐकायची. विसरलेला कंस, सुटलेला अर्धविराम, चुकलेलं स्पेलिंग. आजवर त्याने एकदाही दगा दिला नव्हता. दिवा म्हणाला, मोकळ्या जागी 'ऑब्जेक्ट' भरतो. आणि त्याखाली दुसरी ओळ होती, सगळीकडे हीच दुरुस्ती करू?

तिला क्षणभर वाटलं, ऑब्जेक्ट म्हणजे काहीही. पण घड्याळात पावणेचार झाले होते, आणि लाल रेघा बघून बघून डोळे शिणले होते. तिने दाबलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस रेघा एका दमात नाहीशा झाल्या. प्रोग्रॅम चालला. तपासायला तिने नटबोल्टांच्या एका पेटीची चिठ्ठी छापली. चिठ्ठी सुरेख आली, नग एक, वजन, रेघा, सगळं जागच्या जागी. तिने ती चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि घरी गेली.

सोमवारी साडेनऊला गेटसमोर छोटासा समारंभ झाला. प्लांटहेड अजिंक्यसाहेबांनी नारळ फोडला, स्टोअरच्या मिनलने पेढे वाटले आणि पहिली चिठ्ठी मानाने रणजीतच्या आईची, कौशल्याबाईंची, काढायची ठरली. कौशल्याबाई बहात्तर वर्षांच्या. हिरवं काठापदराचं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, हातात बटवा. गेटवरचा रक्षक नवनाथ हा बीडकडचा, उंच, इस्त्रीच्या गणवेशातला माणूस. त्याने नाव टाकलं आणि बटण दाबलं. छपाईयंत्र कुरकुरलं, चिठ्ठी बाहेर आली, टाळ्या वाजल्या आणि चिठ्ठी न वाचताच बटव्यात गेली.

नवनाथने मात्र ती वाचली होती. त्यावर लिहिलं होतं: 'वस्तू. नग एक.' तो जरा थबकला. मग त्याला वाटलं, नवं सॉफ्टवेअर आहे, वाकडच्या इंजिनिअर लोकांनी बनवलंय, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. त्यानंतर त्याने रणजीतची चिठ्ठी काढली, आम्रपालीची काढली, एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीकडून तपासणीला आलेल्या कुलदीप नावाच्या ऑडिटरची काढली, रंगारी, प्लंबर, कुरियरवाला, असं करत तेवीस माणसांच्या चिठ्ठ्या काढल्या, आणि त्या सगळ्या न वाचताच खिशांत गेल्या. सगळे वस्तू, सगळे नग एक. कारखान्याच्या कामगारांची हजेरी वेगळ्या यंत्रावर होती म्हणून ते तेवढे माणसात राहिले.

अकराला कौशल्याबाई निघाल्या. माहेरची जमीन बघून झाली होती, पेढा खाऊन झाला होता, गुडघे दुखत होते. त्यांनी चिठ्ठी यंत्रापुढे धरली. तांबडा दिवा लागला. फाटक हललं नाही. पडद्यावर शब्द उमटले: 'आवक तपासणी बाकी.'

"काय म्हनतंय त्ये?" त्यांनी विचारलं.

नवनाथ खुर्चीतून उठला. "आजी, तुमची तपासणी राहिलीय."

"मला काय धाड भरलीय? बीपी तेवढा हाय."

"ती न्हाई. मालाची तपासणी. बाहेरून आलेली वस्तू आधी स्टोअरला जमा होती, मग क्वालिटीवाले बघत्यात, मग रॅकवर जाती. त्याबिगर गेट सोडत न्हाई."

"आन वस्तू कोन?"

नवनाथने नजर खाली घातली आणि चिठ्ठीवर बोट ठेवलं. कौशल्याबाईंना अक्षरं बारीक दिसत, पण 'वस्तू' एवढं त्यांना वाचता आलं. त्याखाली आणखी एक रकाना होता. नोंद करताना संगणकाने नवनाथला विचारलं होतं, स्थिती नवी की जुनी? आणि नवनाथने मनापासून, खोटं न बोलता, 'जुनी' निवडलं होतं.

पुढचं बोलणं स्टोअरपर्यंत ऐकू गेलं.

"आरं मुडद्या, ह्या जाग्यावर माझ्या बापाचं भुईमुगाचं रान व्हतं! तुझं गेट हाय ना, तितं आमची बैलं बांधायची. मी इतं परकरात हुंदडलेय, आन तू मला आवक इचारतो व्हय रं? आवक तर तुमची झाली हितं, मागनं!"

"आजी, मपल्या हातात काय न्हाई हो. फाटक कॉम्प्युटरचं आहे."

"चावी न्हाई का?"

"आहे. पण ती फक्त आग लागली तर वापरायची. लेखी आहे तसं."

"आग लागंलच आता," कौशल्याबाई म्हणाल्या आणि फाटकासमोरच्या ठोकळ्यावर बसल्या.

तोवर मागे रांग लागली होती. रंगाऱ्याला दुसऱ्या कामावर जायचं होतं. कुरियरवाल्याच्या पिशवीत अजून चाळीस पाकिटं होती. ऑडिटर कुलदीपची विमानाची वेळ होती आणि तो दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. आम्रपाली आत सर्व्हरच्या खोलीत होती, तिला रणजीतचा फोन आला आणि ती पळतच गेटवर आली. तिने कौशल्याबाईंच्या हातातली चिठ्ठी पाहिली. 'वस्तू' वाचल्याबरोबर तिला शनिवारचा दिवा आठवला. ऑब्जेक्ट. सनीने मराठीकरण करताना त्या शब्दापुढे शब्दकोशातला पहिला अर्थ लिहून ठेवला होता. आणि ज्या गेटपासवर व्यक्ती किंवा वाहन असं स्पष्ट लिहिलेलं नाही तो मालाचा समजायचा, असाही नियम त्यानेच ठेवला होता. तोही काही वावगा नव्हता. वावगा होता तो शनिवारी दाबलेला दिवा.

तोवर स्टोअरची मिनल आपला संगणक उचलूनच गेटवर आली होती. "माझ्याकडे तेवीस अनोळखी नग दिसतायत," ती म्हणाली, "रॅक क्रमांक द्या म्हणतोय. एका रंगाऱ्याला तर त्याने आपणहून बी-सात दिलाय, ब्रशच्या शेजारी." तिला हसू आवरत नव्हतं, पण अजिंक्यसाहेब येताना दिसले म्हणून तिने ते आवरलं.

"मार्ग काय?" साहेबांनी विचारलं.

मिनलने पडद्यावर शोधलं. "एकच दिसतोय, सर. क्वालिटीने नापास केलेला माल लगेच बाहेर जाऊ शकतो. नापास, पुरवठादाराला परत. कारण तेवढं निवडावं लागतं. गंज, तडा, पोचा, मापात नाही."

मग ऑडिटर कुलदीप पुढे आला. हा माणूस सकाळपासून कारखान्यातल्या प्रत्येक गोष्टीत खोट काढत होता. "माझं करा," तो म्हणाला. "विमान आहे."

"कारण काय टाकू, सर?" मिनलने नम्रपणे विचारलं.

"काहीही टाका."

मिनलने त्याच्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं आणि 'पोचा' टाकलं. हिरवा दिवा लागला, फाटक फिरलं, कुलदीप नापास होऊन बाहेर पडला आणि टॅक्सीत बसला. मग रंगारी 'तडा' घेऊन गेला, प्लंबर 'गंज' घेऊन गेला. कुरियरवाल्याने "मला मापात नाही टाका, बायको तसंच म्हणते" असं सांगून सगळ्यांना हसवलं. एकेक नापास माल बाहेर जात राहिला.

"चल आई," रणजीत म्हणाला. "एक शब्द टाकायचा, की सुटलो."

"मी न्हाई नापास व्हनार."

"अगं, नावापुरतं."

"नावापुरतं बी न्हाई. माझ्याच बापाच्या रानात मला नापास करून काढून देताय? म्होरं माझ्या भावकीत कळलं तर? मी हितंच बसते. जाईन तर मानसावानी जाईन."

रणजीतने घाम पुसला. अजिंक्यसाहेब हाताची घडी घालून सगळं बघत उभे होते, त्याची रणजीतला जास्त भीती वाटत होती. शेवटी त्याला बोलायला एक धागा सापडला.

"साहेब, हे त्या सनीचं काम. सोडून गेला आणि घाण ठेवून गेला. आता लावतो त्याला फोन. त्याच्या नव्या कंपनीतच लावतो, कळू दे त्यांनाही."

त्याने फोन काढला. आम्रपाली बाजूलाच उभी होती. तिने काही म्हटलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. सनी हिंजवडीत होता, चार शिव्या खाऊन विसरला असता. ती फिटरची मुलगी नसती तर कदाचित गप्पही बसली असती. तिच्या डोळ्यांपुढे आले ते ज्ञानदेव ओव्हाळ, पेन्सिलीची खूण खोडणारे.

"दादा, फोन नका लावू," ती म्हणाली. "सनीने जागा मोकळी ठेवली होती. ती भरली मी. म्हणजे मी नाही, दिव्याने भरली. पण दिवा मी दाबला."

"कुठला दिवा?"

"दुरुस्तीचा असतो एक. एका दाबात सगळीकडे दुरुस्त करतो."

"सगळीकडे?"

"एकेचाळीस ठिकाणी."

रणजीत आईशेजारी ठोकळ्यावर बसला. अजिंक्यसाहेबांनी हाताची घडी सोडली. "मग परत दाबा तो दिवा. आता बरोबर करायला सांगा."

"त्याला ते येत नाही, सर. त्याला एवढंच कळतं की इथे काहीतरी भरायचं राहिलंय. काय भरायचं हे त्या प्रोग्रॅममध्ये कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून तो असं काहीतरी भरतो की जे कुठेही बसेल. तक्रार बंद होते, बस."

"मग कुठे लिहिलंय काय भरायचं ते?"

आम्रपालीने आजूबाजूला पाहिलं. जाड रजिस्टर केबिनच्या कोपऱ्यात पडलं होतं, त्यावर चहाचा ग्लास. आणि त्याशेजारी नवनाथ उभा होता.

"नवनाथभाऊ, तुम्ही किती वर्षं आहात या गेटवर?"

"नऊ झाले की."

"मला दोन तास द्या."

केबिनमध्ये एक प्लास्टिकचं स्टूल होतं, त्यावर ती बसली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. आधी तिने शनिवारचा तो दाब परत फिरवला. पडदा पुन्हा लालेलाल झाला. पहिल्या रेघेशेजारी दिवाही लगेच पेटला, तितक्याच उत्साहाने. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"इथे येणाऱ्याचं वजन विचारलंय. कुणाचं वजन?"

"ट्रकचं. आत जाताना एकदा आन भायेर येताना एकदा, काट्यावर."

वाहन. तिने भरलं. "इथे 'सोबत काय आहे' असं आहे."

"ते पाहुण्याचं. मोबाईल, लॅपटॉप लिहून घेतो आपण."

व्यक्ती. "इथे 'मुदत'?"

"कंत्राटी मानसाचा पास, सा महिन्यांचा. व्यक्तीच."

असे चौदा झाले. पंधराव्याला नवनाथ अडला. "हे ड्रायव्हरचं दिसतंय. आता ड्रायव्हर मानूस हाय, पण त्याला गाडीबिगर आत सोडत न्हाई, आन गाडीला त्याच्याबिगर. दोगांचा मिळून एकच पास असतो. पन क्लीनर गेटवरच थांबतो बरं का. त्याला पास न्हाई, त्याला चहा."

आम्रपालीने ते तसंच लिहिलं. तिला गंमत वाटू लागली होती. सहा महिने हे सॉफ्टवेअर बनत होतं आणि इतक्या दिवसांत गेटवर येऊन कुणी पाच मिनिटं बसलं नव्हतं. सनीही नाही, तीही नाही. रणजीत आला होता, पण तो अजिंक्यसाहेबांच्या केबिनमध्ये.

एकोणतिसाव्या रेघेवर तीच अडली. "इथे विचारलंय, 'परत येणार का?' हे कुणाला, भाऊ?"

नवनाथने हनुवटी खाजवली. "सगळ्यांनाच की. यंत्राची डाय दुरुस्तीला जाती, ती परत येती. साहेब जेवायला भायेर जातो, तो परत येतो. रिकामा टेम्पो जातो, भरून येतो. एक सुपरवायझर गेला तो आलाच न्हाई, ते येगळं."

"मग मी इथे काय भरू? व्यक्ती म्हटलं तर डाय राहते. माल म्हटलं तर साहेब राहतात."

"भरायचंच कामून?" नवनाथ म्हणाला. "जो येईल त्याचं नाव तिथं लागंल. आमच्या रजिस्टरात तसाच रकाना आहे. वर नुसतं 'तपशील' लिहिलंय."

आम्रपालीने तो रकाना पुन्हा वाचला. बरोबर होतं. इथे जागा मोकळीच ठेवायची होती. पण विसरून नव्हे, जाणूनबुजून, इथे नंतर भरलं जाईल असं प्रोग्रॅमला सांगून. सनीच्या मनात नेमकं हेच असणार, ते लिहायचं राहिलं. आणि दिव्याला मोकळी जागा म्हणजे फक्त चूक दिसत होती. मोकळी ठेवलेली आणि मोकळी राहिलेली यांतला फरक त्याच्या गावीही नव्हता. तिने अशा सात जागा तशाच, पण सांगून, मोकळ्या ठेवल्या.

बाहेर रणजीत ताटकळला होता आणि कौशल्याबाई रमल्या होत्या. मिनलने त्यांना स्टोअरमधून पाठ टेकायची खुर्ची आणून दिली होती, कॅन्टीनच्या सोजराबाईंनी पोळी आणि वांग्याची भाजी पाठवली होती. जेवता जेवता कौशल्याबाई अजिंक्यसाहेबांना सांगत होत्या की तुमच्या स्टोअरच्या मागच्या भिंतीला ओल येते का?

"येते," साहेब चकित होऊन म्हणाले. "तीन वेळा डांबर मारलं. तुम्हाला कसं माहीत?"

"तितं झरा व्हता. आमी पोरी हंडं भरायचो. त्याला भिताडानं अडवून काय व्हतंय? खालनं पाइप टाका आन वड्याला काढून द्या."

साहेबांनी खिशातून डायरी काढली आणि उभ्याउभ्याच त्याचा नकाशा काढून घेतला. सकाळपासून एवढ्या पाहुण्यांत कामाचं काही सांगणारं माणूस त्यांना हेच पहिलं भेटलं होतं, असं ते नंतर मिनलला म्हणाले.

सव्वादोनला शेवटची रेघ गेली. या वेळी आम्रपालीने नटबोल्टाच्या पेटीवर समाधान मानलं नाही. तिने ट्रकची चिठ्ठी काढली, पेटीची काढली, नवनाथची काढली, स्वतःची आणि रणजीतची काढली, एकेक मोठ्याने वाचून नवनाथला दाखवली. मगच तिने कौशल्याबाईंचा नवा पास छापला आणि हातात देण्याआधी वाचला.

"व्यक्ती. श्रीमती कौशल्याबाई. येण्याचं कारण..." ती थांबली. रकाना रिकामा होता. "काकू, कारण काय लिहू?"

"लिव्ह, माहेरी आल्ते."

नवनाथने ते टंकून चिठ्ठी पुन्हा छापली. कौशल्याबाईंनी चिठ्ठी यंत्रापुढे धरली, हिरवा दिवा लागला, फाटक फिरलं आणि त्या पदर सावरून बाहेर गेल्या. पलीकडे जाऊन मागे वळून नवनाथला म्हणाल्या, "तू कामाला चोख हायस रं. पन जुनी म्हनालास, त्ये मी ध्यानात ठेवीन." नवनाथने कडक सलाम ठोकला.

परतीच्या वाटेवर मोशीच्या पुढे सिग्नलला रणजीत म्हणाला, "उद्यापासून तो दिवा बंद करून टाकायचा. सगळ्यांच्या मशिनवर."

"कशाला, दादा?" आम्रपाली म्हणाली. "कंस विसरला तर तोच सांगतो. चांगला आहे तो. फक्त 'सगळीकडे' म्हणाला की आधी विचारायचं, काय भरतोयस."

"साहेब काय म्हणाले माहितीये? पुढचं काम आपल्यालाच देणार म्हणे, पण एका अटीवर. बनवायच्या आधी दोन दिवस गेटवर बसायचं." त्याने आरशातून मागे पाहिलं. "मी बसायचं म्हणाले. तू नाही, मी."

कौशल्याबाई मागे झोपल्या होत्या, नाहीतर त्या नक्की हसल्या असत्या. आम्रपालीला कासारवाडीच्या पुलाखाली सोडलं. घरी ज्ञानदेव नवा चष्मा लावून पेपर वाचत होते. तिने त्यांना सगळं सांगितलं, काही न वगळता. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "पेटीवर तपासलंस तेव्हा माणसावर का नाही तपासलंस?" तिने पर्समधली ती शनिवारची चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली. ते म्हणाले, "असू दे. जेवून घे."

पुढे ते सॉफ्टवेअर नीट चाललं. ऑडिटर कुलदीपच्या अहवालात कारखान्याला एक शेरा मिळाला, की क्वालिटी विभाग फार कडक आहे. तो चांगला समजायचा की वाईट, यावर तिथे अजून वाद चालतो. रणजीत खरोखरच दोन दिवस गेटवर बसला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने ऑफिसात येऊन सगळ्यांना सांगितलं की क्लीनरला पास नसतो, त्याला चहा असतो.

महिन्याभराने एका दुपारी आम्रपालीचा फोन वाजला. नवनाथ होता.

"मॅडम, कामात हैत का? एक घोडा आलाय."

"घोडा?"

"आपले टर्नर शेळकेकाका आज रिटायर होत्यात. पोरांनी मिरवणुकीसाठी घोडा आनलाय, बँडबी आहे. बँडवाले व्यक्तीत टाकले. घोडा कशात टाकू? मानूस न्हाई. मालात टाकला तर मिनल मॅडम रॅक मागतील. वाहन म्हनावं, तर नंबर प्लेट न्हाई."

आम्रपालीने विचार केला. "त्यावर बसून माणूस आत येतो की नुसता चालत येतो?"

"नुसताच. काका आतून बसून भायेर निघनार."

"म्हणजे येताना एक आणि जाताना वेगळंच."

"तेच तर. म्हनून म्हटलं, आधी तुम्हाला इचारावं. मी काय आपल्या मनानं टाकलं न्हाई."

पलीकडून बँडचा आवाज येत होता आणि घोडा फुरफुरत होता. आम्रपालीने खुर्ची पुढे ओढली, सगळा प्रोग्रॅम उघडला आणि म्हणाली, "फाटकाच्या बाजूला सावलीत बांधा त्याला, भाऊ. पाणी द्या. मी बघते."